मोफत नाश्त्यावरून होणारे वाद : या चुका टाळा

नाशिकला येणारे पाहुणे त्र्यंबकेश्वर, पंचवटी किंवा द्राक्षांच्या वायनरी पाहायला येतात आणि परत जाताना मात्र हॉटेलच्या बिलात लावलेल्या नाश्त्याबद्दल बोलत जातात. हॉटेलांची बुकिंग करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे "अहो, आमच्याकडे हॉटेलच्या सदस्यत्वाचं कार्ड असूनही..." एवढे फोनवर ऐकले, की पुढची तक्रार मला न ऐकताही सांगता येते.

मोठ्या हॉटेलसाखळ्या वारंवार राहणाऱ्या सदस्यांना गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे देतात. सर्वांत जुनी चूक म्हणजे यातल्या 'गोल्ड' या शब्दावर विसंबणे. मॅरियट या साखळीच्या बॉनव्हॉय या सदस्य योजनेत वर्षाला 25 रात्री भरल्या की गोल्ड दर्जा मिळतो, पण त्यात नाश्ता नसतो. तो 50 रात्रींच्या प्लॅटिनमपासून मिळू लागतो; तिथेही काही ब्रँडमध्ये तो स्वागतभेटीच्या पर्यायांतून मागून घ्यावा लागतो आणि मॅरियटच्याच रिट्झ-कार्लटन या ब्रँडमध्ये तर तो मिळतच नाही. याउलट हिल्टन या दुसऱ्या साखळीच्या गोल्ड सदस्याला भारतात नाश्ता मिळतो, तर अमेरिकेत 2021 पासून त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रक्कम दिली जाते. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून दर्जा मिळवणाऱ्यांना हा फरक वाचायला वेळ नसतो. काउंटरवर आवाज चढवायला मात्र भरपूर असतो.

दुसरी चूक माझ्या घरातच घडली. गेल्या वर्षी एका लग्नासाठी आमचे दाजी पुण्याहून आले. कंपनीच्या प्रवासांमुळे त्यांच्याकडे वरच्या दर्जाचे कार्ड होते, म्हणून मला न विचारता त्यांनी स्वतःच्या नावावर तीन खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या आणि त्याही प्रवासाच्या एका संकेतस्थळावरून, कारण तिथे खोलीमागे रात्रीला तीनशे रुपये वाचत होते. सहा माणसे दोन्ही सकाळी निवांत जेवल्यासारखी नाश्ता करून उठली आणि निघताना माणशी साडेसातशेप्रमाणे बारा ताटांचे नऊ हजार रुपये, त्यावर कर वेगळा, असे बिल पुढे आले. दाजींनी मला तिथूनच फोन लावला. बहुतेक योजनांमध्ये हॉटेलऐवजी दुसऱ्या कुणाच्या संकेतस्थळावरून केलेल्या बुकिंगवर सदस्याचे लाभ लागू होत नाहीत, त्यामुळे अठराशे रुपये वाचवताना त्यांचा हक्कच गेला होता. थेट बुकिंग केले असते तरी सदस्य स्वतः राहतो त्या खोलीपुरता, म्हणजे त्यांना आणि ताईला, दोन्ही सकाळ मिळून चारच ताटे मोफत मिळाली असती. "दाजी, कार्ड तुमचं आहे, वऱ्हाडाचं नाही," असे मी म्हणालो. ते त्यांना अजून आवडलेले नाही.

मुलांचा हिशेबही आधीच विचारावा. हयात या साखळीचा ग्लोबलिस्ट हा वरचा दर्जा खोलीतील दोन प्रौढांसोबत दोन मुलांनाही नाश्ता देतो, पण मॅरियट आणि हिल्टनमध्ये लाभ सदस्य आणि सोबतची एक व्यक्ती एवढ्यांपुरताच धरला जातो. बुकिंगच्या कागदावर 'ईपी' असेल तर फक्त खोली आणि 'सीपी' असेल तर नाश्त्यासह खोली, एवढे तरी वाचावे. रेस्टॉरंटच्या दारातल्या मुलाशी वाद घालू नये. त्याच्या हातातली यादी त्याने केलेली नसते.

माझी स्वतःची सवय अशी, की येण्याच्या दोन दिवस आधी हॉटेलला ईमेल करून कोणत्या खोलीत किती जणांना नाश्ता आहे हे लेखी मागवायचे आणि चेक-इनच्या वेळी तोच आकडा चावीच्या पाकिटावर लिहून घ्यायचा. हा उद्योग पाच मिनिटांचा आहे, तरीही दहा ग्राहकांपैकी नऊ जणांना तो अपमानास्पद वाटतो.

यंदा त्र्यंबकच्या दर्शनाला येताना दाजींनी निमूटपणे आधी मला फोन केला. तिन्ही खोल्या मी सीपीवर घेतल्या आणि नाश्ता सातला सुरू होत असल्यामुळे पहाटे निघणाऱ्या सहा जणांसाठी रात्रीच डबे सांगून ठेवले. ते शाकाहारी हवेत हे सांगायला मात्र मी विसरलो आणि दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या दाजींनी उकडलेल्या अंड्यांचा फोटो मला पाठवला.