कोल्ड एअर इनटेक: आधी डबा नीट करा, पाइप नंतर

चकचकीत पाइप आणि उघडा कोन फिल्टर लावला की इंजिनला थंड हवा मिळते असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. पहिल्या गाडीला मी तेच केलं होतं, कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा काढून माळ्यावर टाकला, त्या जागी लाल कोन बसवला, आणि आवाज असा काय यायला लागला की दोन दिवस मी उगाचच सेकंड गिअरमधे गाडी ताणत फिरत होतो. मग एक मित्र म्हणाला डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावलं की सेन्सरचे आकडे फोनवर दाखवतं ते) लावून इनटेक टेम्परेचर, म्हणजे इंजिनमधे शिरणाऱ्या हवेचं तापमान, तरी बघ, बघितलं तर बाहेर तिशीच्या आसपास आणि ट्रॅफिकमधे इंजिन ओढतंय साठीच्या घरातली हवा. म्हणजे मी पैसे घालवून गाडीला रेडिएटरच्या मागची गरम वाफ पाजत होतो. नाव कोल्ड एअर आणि काम हेअर ड्रायरचं.

तर यात पाइप ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. हवा कुठून उचलताय आणि वाटेत बोनेटखालची गरम हवा त्यात मिसळते का, एवढंच बघायचं असतं, आणि नव्वद टक्के वेळा ते कंपनीचाच डबा ठेवून करता येतं.

हिशोब साधा आहे. हवा तापली की विरळ होते, आणि घनता बदलते ती केल्विनच्या मापाने, म्हणजे सेल्सिअसमधे २७३ मिळवून. २५ डिग्रीची हवा म्हणजे २९८, ५५ ची म्हणजे ३२८, भागून बघा, साधारण ९ टक्के हवा कमी भरते. म्हणून पॉवर ९ टक्के वाढेल असं मात्र नाही हं, डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, हवामानाचा फरक काढायला जे एसएई करेक्शन लावतात त्यात तापमानाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेतात, त्या हिशोबाने हवा ४० वरून २५ वर आणलीत तर अडीच टक्क्यांच्या आसपास, २०० हॉर्सपॉवरच्या गाडीत पाचेक घोडे. पेट्रोल गाडीत खरी मजा दुसरीकडे आहे, हवा तापली की नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन टायमिंग मागे घेतो, स्पार्क उशिरा देतो, आणि बराच वेळ सिग्नलला उभं राहून निघालं की गाडी जी मेल्यासारखी वाटते त्यात याचा मोठा हात असतो. ते परत मिळवायचंय आपल्याला.

पाना हातात घ्यायच्या आधी मोजा. साधा ब्लूटूथ ओबीडी २ डोंगल आणि फोनवर कुठलंही अ‍ॅप चालेल, त्यात इनटेक एअर टेम्परेचर लावून ठेवायचं. सकाळी गाडी रात्रभर उभी असताना नुसतं इग्निशन ऑन करून बघा, तेव्हा कूलंट, इनटेक आणि बाहेरचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे, नसेल तर सेन्सरच खोटं बोलतोय. मग मोकळ्या रस्त्यावर ८० च्या स्थिर स्पीडने दहा मिनिटं. मग दहा मिनिटं उभी, इंजिन चालू, आणि त्यानंतर निघाल्यावर आकडा किती सेकंदात खाली येतो ते. दरवेळी बाहेरचं तापमान वजा करायचं, फरक लिहून ठेवायचा, कारण नुसता आकडा काही कामाचा नाही, उद्या ऊन जास्त असलं की तोही जास्तच दिसणार.

सेन्सर कुठे आहे तेही शोधा. बऱ्याच गाड्यांत तो मॅफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणारा) आतच असतो, म्हणजे फिल्टरच्या लगेच पुढे, ते आपल्यासाठी उत्तम. काही गाड्यांत मॅनिफोल्डमधे (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) असतो, तिथे तो आजूबाजूच्या तापलेल्या धातूचीही गरमी दाखवतो त्यामुळे आकडा आळशी असतो. टर्बोवाल्यांनी जास्त लक्ष द्या, टर्बो स्वतःच हवा दाबून तापवतो आणि तुमचं खरं तापमान इंटरकूलरनंतरचं (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा), तिथे आधी इंटरकूलरकडे बघा, इनटेकने थोडाच फरक पडेल.

चालत्या गाडीत फरक पाच-सहा डिग्रीच निघाला तर मी म्हणेन बोनेट लावा आणि घरी जा. कंपनीच्या इंजिनिअरांनी काम केलेलं आहे, हवा ग्रिलच्या मागून नाहीतर फेंडरमधून (पुढच्या चाकावरचा पत्रा) येतेच आहे. पंधरा-वीसच्या वर असेल तर पुढे वाचा.

आता डबा उघडा. क्लिपा काढा, फिल्टर बाहेर काढा, तळाशी बहुतेक वाळकी पानं, मेलेले किडे आणि एक बोटभर धूळ सापडेल, ती व्हॅक्यूमने काढा. मग तोंडाकडची नळी, जिला स्नॉर्कल म्हणतात, हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. कुठे संपते? जॉइंटला रबर आहे का, का तिथून दोन बोटं आत जातायत? जुन्या गाड्यांत ते रबर वाळून गळून पडलेलं असतं आणि डबा निम्मी हवा रेडिएटरच्या मागून ओढत बसतो. एखाद्या वेळी नुसती फोमची पट्टी लावली की अर्धं काम तिथेच होतं, आणि फोटोत दाखवण्यासारखं काही नसल्यामुळे ते कोणी करत नाही.

काही गाड्यांत रचनाच अडचणीची आहे. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मधे फिल्टरचा डबा एका बाजूला आणि थ्रॉटल दुसऱ्या बाजूला, त्यामुळे मधली नळी रेडिएटरच्या वरून आडवी जाते, ऐन गरमीतून. अशा गाडीत डब्याला थंड हवा दिलीत तरी नळीकडे बघावं लागतं, तिच्यावर रिफ्लेक्टिव्ह टेप गुंडाळली तर उभ्या गाडीत थोडा फायदा होतो.

हवा उचलायची जागा निवडताना एकच नियम, रेडिएटरच्या पुढून किंवा बाजूने, मागून कधीच नाही. ग्रिलचा कोपरा, रिकामी फॉग लाइटची जागा, फेंडरची आतली पोकळी, यातलं जे डब्याच्या जवळ असेल ते. विंडस्क्रीनच्या पायथ्याशीही हवेचा दाब जास्त असतो, जुन्या कॅमॅरोसारख्या अमेरिकन गाड्यांत बोनेटवरचा स्कूप म्हणूनच मागे तोंड करून असायचा. पण पुढून हवा आली म्हणून ती इंजिनमधे कोंबली जाते वगैरे स्वप्न बघू नका, १०० च्या स्पीडला मिळणारा दाब वातावरणाच्या अर्धा टक्कासुद्धा नसतो, २०० ला जेमतेम पावणेदोन. आपल्याला दाब नको आहे, गारवा हवाय.

डक्टसाठी, म्हणजे बाहेरची हवा डब्यापर्यंत आणणाऱ्या नळीसाठी, ७५ ते १०० मिलिमीटरचा सिलिकॉनचा लवचिक होज घ्या, ब्रेक डक्टिंगसाठी वापरतात तो, वाकवला तरी चपटा होत नाही आणि गरमीत टिकतो. कपडे वाळवायच्या ड्रायरचा पातळ फॉइलवाला पाइप लावू नका, दोन महिन्यांत फाटतो आणि तुकडे फिल्टरवर. शक्य तितका सरळ न्या, तोंडाला जाळी, आणि सगळ्यात खालच्या बिंदूला आठ-दहा मिलिमीटरचं भोक, पाणी गळायला. फॅन, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून चांगलं लांब. इंजिन माउंटिंगवर हलतं हे विसरू नका, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते चांगलं कलतं, त्यामुळे होज तंग बांधायचा नाही, थोडी ढील ठेवायची.

आता शिल्ड, म्हणजे इंजिनची गरमी अडवणारा पत्रा. उघडा कोन फिल्टर ठेवायचाच हट्ट असेल तर शिल्डशिवाय तो ठेवण्यात अर्थ नाही, आणि कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आधी पत्रा कापू नका. जाड पुठ्ठा घ्या, खोक्याचा, फिल्टरच्या भोवती इंजिनच्या बाजूने उभा धरा, जिथे अडतो तिथे पेनने खूण, कात्रीने थोडं कापा, परत धरा, परत कापा. माझे चार पुठ्ठे वाया गेले तेव्हा पाचवा नीट बसला. वरची कड बोनेटला किती लागते ते कळायला कडेवर ठिकठिकाणी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे ठेवा, बोनेट हळूच लावा, उघडा, गोळा जेवढा चपटा उरला तेवढी तिथली फट. मग तोच आकार दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यावर उतरवा, कापा, कडा कानशीने घासा, नाहीतर बोटं कापून घ्याल, आणि वरच्या कडेवर दरवाज्याला असतं तसं पोकळ रबर बसवा, बोनेट लावल्यावर ते दबून सील झालं पाहिजे. डक्टचं तोंड या बंद कप्प्यात आलं पाहिजे, नाहीतर कप्पा बंद आणि हवा कुठूनच नाही असं व्हायचं.

पाइप अ‍ॅल्युमिनियमचा का प्लास्टिकचा यावर लोक तासन्‌तास भांडतात. दोन लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला साधारण १०० लिटर हवा ओढतं, ७६ मिलिमीटरच्या पाइपमधे तिचा वेग २२ मीटर सेकंदाला, म्हणजे साठ सेंटिमीटरचा पाइप ती तीन शतांश सेकंदात पार करते, तेवढ्यात ती काय तापणार. हळू चालताना आणि उभं असताना मात्र धातूचा पाइप नक्की त्रास देतो, म्हणून मी प्लास्टिकवाला.

पाइप बदलणारच असाल तर मॅफ सेन्सरची जागा आणि तिथला आतला व्यास अगदी कंपनीएवढाच ठेवा. तो सेन्सर तापलेल्या तारेवरून किंवा फिल्मवरून हवेचं वजन मोजतो, पण त्याचं कॅलिब्रेशन त्याच व्यासाच्या नळीसाठी असतं, नळी मोठी केलीत तर त्याला हवा कमी दिसते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि मिक्श्चर लीन होतं. चेक इंजिन लाइट लागून पी०१७१ (मिक्श्चर लीन असल्याचा एरर कोड) आला की समजा एकतर हेच किंवा कुठेतरी हवा लीक. सेन्सर वळणाच्या लगेच पुढे बसवू नका, हवा तिथे घुसळलेली असते. आणि जाळी किंवा मधाच्या पोळ्यासारखा तुकडा असेल तर तो अडथळा आहे म्हणून काढू नका, हवा सरळ करायलाच तो ठेवलाय. तेल लावलेला कापडी फिल्टर धुतल्यावर तेल बेताने लावा, जास्तीचं तेल उडून त्याच तारेवर बसतं. मला स्वतःला ड्राय फिल्टर आवडतो, भानगड नाही.

जोडताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू द्या. ब्रीदर होज (इंजिनमधली वाफ इनटेकमधे परत नेणारा), टर्बोत बायपास व्हॉल्व्हचा परतीचा होज, सगळं जिथून काढलं तिथेच परत लागलं पाहिजे, काढायच्या आधी फोनवर फोटो काढून ठेवा. क्लॅम्प घट्ट हवेत पण प्लास्टिक चेपेपर्यंत आवळायचे नाहीत. मी एकदा सगळं जोडून, हात धुऊन, चहा पिऊन स्टार्ट केलं आणि अ‍ॅपवर इनटेक टेम्परेचर उणे ४०. क्षणभर वाटलं काय कमाल केलीये आपण! मग कळलं की सेन्सरचा कनेक्टरच लावला नव्हता, सर्किट तुटलेलं असलं की बऱ्याच गाड्या हाच आकडा दाखवतात आणि मागोमाग पी०११३ हा एरर कोड येतो.

पाण्याचं मात्र गमतीत घेऊ नका. फिल्टर बंपरच्या खालच्या टोकाला नेणारे किट असतात, हवा गार मिळते खरी, पण रस्त्यावर साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डक्टचं तोंड खाली असलं तर चालतं, फिल्टर वरच राहू द्या. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, टो करायची, प्लग काढून बघायचे.

झाल्यावर इंजिन चालू करून प्रत्येक जॉइंटपाशी कान द्या, फुसफुस ऐकू आली तर लीक. बॅटरी काढल्यामुळे आयडल थोडा वेळ वरखाली होईल, ते होऊ द्या. शंभरेक किलोमीटर चालवून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मापात सतत करत असलेली दुरुस्ती, बघा, शून्याच्या पाच टक्के इकडेतिकडे असेल तर छान, दहाच्या वर गेला तर कुठेतरी गडबड आहे. मग तेच तीन प्रयोग परत, तीच जागा, तोच स्पीड, आणि वजाबाकी शेजारी शेजारी लिहा. फरक चालत्या गाडीत थोडा दिसेल, उभ्यावरून निघाल्यावर आकडा खाली यायला लागणारा वेळ मात्र ठळक कमी झाला पाहिजे, तो नसेल झाला तर शिल्डच्या वरच्या रबरापासून परत शोधायला लागा, तिथेच फट निघते. आवाजावरून पॉवर मोजू नका, टोयोटा ८६ मधे कंपनीनेच इनटेकचा आवाज केबिनमधे आणायला वेगळी नळी दिली होती, त्याने गाडी एक मिलिमीटरही जास्त पळत नाही.

एक आठवड्याने बोनेट उघडून क्लॅम्प परत एकदा आवळा, होज कुठे घासलाय का बघा, आणि खालच्या भोकात एक तार घालून फिरवा, पहिलं पान तोवर तिथे येऊन अडकलेलं असतं.