लिंबू सरबत: चव रसात, वास सालीत

लिंबू पिळलं, साखर घातली, ढवळलं की झालं सरबत. पाच मिनिटांचं काम, आणि ते वाईटही लागत नाही. पण ग्लास तोंडाशी नेताना जो लिंबाचा घमघमाट यायला हवा, तो त्यात बहुधा नसतो. तो आपण सालीसकट कचऱ्यात टाकलेला असतो. रसात मुख्यतः आंबटपणा. वासाचं तेल मात्र सालीच्या रंगीत थरात, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्यांमध्ये भरलेलं असतं. पटत नसेल तर सालीचा तुकडा पेटत्या मेणबत्तीसमोर धरून दुमडा. तेलाची बारीक पिचकारी उडते आणि ज्योतीत ठिणग्या तडतडतात. (मुलांसमोर करू नका, सगळी लिंबं त्यातच संपतील.)

तर हे तेल सरबतात उतरवायचं. ते पाण्यात सहज मिसळत नाही, पण साखर त्याला ओढून घेते. सगळी युक्ती एवढीच.

चार मोठ्या ग्लासांसाठी १२० मिली रस निघेल इतकी लिंबं घ्या; मध्यम आकाराची साधारण सहा-सात लागतात. साखर १२० ग्रॅम, गरम पाणी १२० मिली, गार पाणी ६०० मिली आणि चिमूटभर मीठ. लिंबं निवडताना हातात जड लागणारी, पातळ आणि गुळगुळीत सालीची घ्या. जाड, खडबडीत सालीच्या लिंबात रस कमीच निघतो.

पहिली पायरी साल काढण्याची. साल वापरायची असल्यामुळे लिंबं कोमट पाण्यात चोळून धुवा. काहींवर मेणाचा थर असतो. मग तीन-चार लिंबांची साल सोलाण्याने काढा. इथे हात हलका हवा. रंगीत थर तेवढा निघाला पाहिजे, खालचा पांढरा भाग कडू असतो. सालीला पांढरं लागलंच तर सुरीने खरवडून टाका.

काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात साली आणि साखर एकत्र करा आणि बोटांनी दोन-तीन मिनिटं चुरा. कोरडी, खुळखुळणारी साखर हळूहळू ओली होऊन चिकटायला लागते, ओल्या वाळूसारखी. झाकून तासभर ठेवा. झाकण उघडल्यावर येणारा वास घेतला की हा तास का घालवला ते कळतं. आता त्यावर गरम पाणी ओता. उकळून दोन-तीन मिनिटं थांबलेलं चालेल, पण हे मिश्रण गॅसवर ठेवू नका, वास वाफेबरोबर उडून जातो. साखर विरघळली की गाळा आणि पाक पूर्ण गार होऊ द्या. गार पाण्यात साखर घालून दहा मिनिटं चमचा खडखडवण्यापेक्षा हे सोपं आहे, तळाशी दाणेही राहत नाहीत.

रस अगदी शेवटी काढा. लिंबू फ्रीजमधलं असेल तर आधी बाहेर ठेवा, ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवा, मग कापा. पिळताना शेवटच्या थेंबासाठी सालीशी झटापट नको, आणि बिया गाळून टाका. मी एकदा घाईत अख्ख्या फोडी बियांसकट मिक्सरमधून फिरवल्या होत्या. पहिला घोट झकास लागला. पाहुणे येईपर्यंत सगळा जग कडूजहर! बियांत आणि पापुद्र्यांत असा एक पदार्थ असतो, जो आंबट रसात थोडा वेळ राहिला की लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतो. मोसंबीचा रस ठेवल्यावर कडू होतो तोही यामुळेच.

आता पाक, रस, मीठ आणि गार पाणी एकत्र करा. मीठ खारटपणासाठी नाही. जिभेला जाणवेल-न जाणवेल इतकंच घाला. कडसर छटा त्याने दबते आणि गोडी उठून दिसते. चव गार झाल्यावरच बघा, कारण थंड पेयात गोडी कमी जाणवते. शिवाय बर्फ विरघळून पाणी वाढणारच, म्हणून जगातलं सरबत किंचित दाट असलेलं बरं. सोडा घालायचा असेल तर तो गार पाण्याऐवजी, सगळ्यात शेवटी आणि ग्लासातच ओता.

संत्र्याचं करायचं असेल तर रीत हीच, मात्र त्याचा रस मुळात गोड असल्यामुळे साखर निम्म्यावर आणा आणि थोडं लिंबू पिळा, नाहीतर मिळमिळीत लागतं.

पाक फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकतो. उरलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. तयार सरबत मात्र त्याच दिवशी संपवा, आणि तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात अजिबात ठेवू नका. आम्लामुळे धातू त्यात उतरतो.

आणि हो, साली चुरून झाल्यावर उन्हात जायचं असेल तर आधी हात साबणाने धुवा. लिंबाचा रस किंवा सालीचं तेल लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, आणि त्याचे काळपट डाग कित्येक आठवडे जात नाहीत.