ताराबाई पार्क, नागाळा पार्कात राहणाऱ्यांसाठी सुट्टीची सकाळ

कोल्हापुरातील ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क या शांत वसाहतींत करण्यासारखे काही नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते; परंतु ती मला मुळीच पटत नाही. सकाळी महावीर उद्यानात फेरफटका मारावा आणि तेथून भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉलकडे चालत जावे. एकोणिसाव्या शतकातील या वास्तूत असलेल्या वस्तुसंग्रहालयाचे तिकीट अल्प आहे, आणि शहरातीलच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती पाहताना प्राचीन कोल्हापूरचा व्यापार किती दूरवर पोहोचला होता, हे मुलांना जितके स्पष्ट समजते तितके पाठ्यपुस्तकातून क्वचितच समजते. म्हणून त्या दालनात घाई करू नये. निघण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ व साप्ताहिक सुट्टी मात्र विचारून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सायकलने कसबा बावड्याला जावे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी तेथील लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, आणि ते जन्मस्थळ घराच्या इतके जवळ असूनही अनेकांनी पाहिलेले नसते, याचे मनापासून वाईट वाटते. पुढे पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यापर्यंत जाता येते. पावसाळ्यात तो पाण्याखाली जात असल्याने त्या काळात मुलांना घेऊन काठाजवळ जाऊ नये.

वाचनाची आवड असणाऱ्यांनी १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिराचे सभासदत्व घ्यावे.