इंग्लंडमध्ये कौन्सिलची तक्रार ओम्बड्समनकडे कशी न्यावी

कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र ओम्बड्समनकडे थेट गेलात, तर बहुतेक वेळा आल्या पावली परत पाठवतात. आधी कौन्सिलला तक्रार निस्तरायची संधी द्यावी लागते. ईमेलच्या विषयातच 'स्टेज वन कम्प्लेंट' (पहिल्या पातळीची तक्रार) लिहा, नाहीतर ती नुसती चौकशी समजून बाजूला पडते. उत्तर पटलं नाही तर स्टेज टू, म्हणजे वरच्या पातळीवर फेरविचार, मागा. साधारण १२ आठवडे वाट पाहूनही उत्तर नसेल, तर तसं सांगून ओम्बड्समनकडे जा. फी नाही, वकिलाची गरज नाही.

मुदतीत बरेच जण फसतात. ओम्बड्समनकडे जायला १२ महिने असतात आणि ते मोजायचे प्रकार तुम्हाला कळला त्या दिवसापासून, कौन्सिलच्या शेवटच्या पत्रापासून नव्हे.

ओम्बड्समन दोन गोष्टी बघतो: कौन्सिल कामात कुठे चुकली आणि त्या चुकीने तुमचं काय नुकसान झालं. निर्णय तुम्हाला आवडला नाही, एवढ्यावर काही होत नाही. समजा, शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाला परवानगी मिळाली आणि त्याची खिडकी थेट तुमच्या न्हाणीघरावर उघडते. ती परवानगी ओम्बड्समन रद्द करणार नाही. पण कौन्सिलच्या वेबसाइटवरून त्या परवानगीबद्दलचा अधिकाऱ्याचा अहवाल उतरवून घ्या आणि तुमच्या हरकतीतला खिडकीचा मुद्दा त्यात आलाय का ते शोधा. नसेल, तर तक्रार तिथेच उभी राहते. आला असेल आणि कारण देऊन फेटाळला असेल, तर शक्यता फार कमी. स्वतःचाच बांधकाम-परवानगीचा अर्ज नाकारला गेला असेल तर मात्र रस्ता वेगळा: प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेकडे अपील.

पार्किंगच्या दंडासाठी ट्रायब्युनल (लवाद) आहे, कौन्सिलच्या भाड्याच्या घरातल्या दुरुस्तीसाठी हाउसिंग ओम्बड्समन. स्कॉटलंड-वेल्सची व्यवस्थाही निराळी.

अर्जात तारखा क्रमाने लिहा आणि 'फार मनस्ताप झाला' याऐवजी काय घडलं ते सांगा: किती फोन केले, किती आठवडे कौन्सिलकडून आईला आंघोळ घालायला कुणी आलं नाही. काय हवं तेही स्पष्ट मागा: माफी, राहिलेलं काम, पैसे. विशेष गरजा असलेल्या मुलाचं शिक्षण बुडालं असेल, तर ओम्बड्समनच्या मार्गदर्शक सूचनांत शाळेच्या एका टर्ममागे (सत्रामागे) ९०० ते २,४०० पौंडांचा पल्ला दिलेला आहे. शिफारस कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक नसते, तरी बहुतेक कौन्सिली ती पाळतात.

चौकशी झाली की निर्णयाचा मसुदा दोन्ही बाजूंना येतो. रागाने उत्तर देऊ नका. चुकलेल्या तारखा आणि सुटलेले कागद तेवढे दाखवा, कारण अंतिम निर्णयानंतर फेरतपासणी क्वचितच मिळते.