बॅटरी नंतर बदला, आधी अर्थिंग बघा : जुन्या जीपवाल्यांच्या नेहमीच्या चुका

पाऊस सुरू झाला की माझा फोन वाजायला लागतो. मी काही मिस्त्री नाही. साताऱ्यात राहतो, महिंद्राची १९९४ सालची एमएम ५४० जीप बावीस वर्षं सांभाळतोय, आणि एवढ्या वर्षांत चुकायचं ते सगळं चुकून झालंय. हल्लीची पोरं जुनी जीप नाहीतर जिप्सी घेतात, पहिल्या आठवड्यात टपावर दिव्यांची पट्टी चढवतात आणि पहिल्या पावसात यवतेश्वरच्या घाटात उभी राहून उघड्या बॉनेटचा फोटो पाठवतात. "काका, काय झालं असंल?" आता फोटोत मला बॉनेट दिसतं, दोष कसा दिसणार?

सगळ्यात जास्त पैसे खाणारी चूक आधी सांगतो. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, मारला की नुसतं 'कट्ट' होतं. लगेच नवी बॅटरी. दोन दिवसांनी पुन्हा 'कट्ट', मग सेल्फ उतरवून कार्बन-बुश नवे. तरी तेच. या रांगेत मीही उभा राहिलोय. बॅटरी दोन महिन्यांची, सेल्फ आदल्याच आठवड्यात भरून आणलेला, आणि आम्ही कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोलीला एका लग्नाला गेलेलो. परतताना गाडी मेली. मागं बायको, सासूबाई आणि आहेराची भांडी. मी चावी फिरवतोय, फिरवतोय. तिथं एक लाँचवाले मामा बिडी ओढत बघत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "आवो, बास करा. धूर कुठनं येतोय बघा की."

इंजिन बंद करायला डॅशबोर्डवरची खुंटी ओढतो ना, तिच्या केबलवरचं आवरण वितळत होतं. हात लावला तर चटका बसला. मामांनी लाँचमधून जंपर केबल आणली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावलं. "मारा आता." अर्ध्या फिरकीत इंजिन चालू!

झालं होतं ते असं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं ते चासीपासून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून, विजेच्या हिशेबानं तुटलेलं असतं. दोघांना जोडायला तांब्याची विणलेली पट्टी असते, तीच अर्थिंग. सेल्फचा करंट तिच्यातूनच बॅटरीकडं परत जातो. माझ्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या खाली, चिखलात, हिरवी पडून कुजली होती. सेल्फला तर शंभर-दोनशे अँपिअर लागतात. पट्टीतून वाट मिळाली नाही की करंट सापडेल त्या लोखंडातून परत जातो, मग ती बिचारी केबल का असेना. दोनशे रुपयांच्या पट्टीपायी मी बॅटरी आणि सेल्फ दोन्हींचे पैसे घातले होते.

म्हणून माझी सवय अशी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थिंग खराब. पट्टी सोडायची, दोन्ही जागा पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायच्या, आवळायचं आणि वरून ग्रीस फासायचं. रंगावर बोल्ट आवळून 'अर्थिंग दिलं' म्हणणारे वायरमन मी पाहिलेत. दिवे मंद जळणं, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकणं, काटे वेड्यासारखे नाचणं, हे बहुतेक वेळा त्याच घरचं दुखणं असतं. बॅटरीचं म्हणाल तर गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की तिला हात लावू नका.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

जादा दिव्यांचंही तसंच. शंभर वॉटचे दोन बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. तेवढा भार तीस वर्षांच्या जुन्या स्विचमधून नेलात तर स्विच वितळणारच. रिले, म्हणजे मोठा भार स्वतः पेलणारा वेगळा स्विच, घाला, बॅटरीजवळ फ्यूज घाला, मग काय उजेड पाडायचा तो पाडा.

आता माझा दुसरा लाडका विषय, डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद. "घाटात ग्रिप चांगली मिळते" हे कुणी शिकवलं कोण जाणे. आमच्या शेजारच्या पोरानं नवीच जुनी जिप्सी घेतली आणि सज्जनगडाच्या फाट्यापासून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीपर्यंत फोर बाय फोर टाकूनच नेली. कडक उन्हात, कोरड्या डांबरावर. पवनचक्क्यांपाशी गाडी वळवायला गेला तर स्टीअरिंग दगडासारखं, मागून टायर कुरकुरतायत आणि फोर बाय फोरची लिव्हर काही निघेना. मी पोचलो तेव्हा चिरंजीव व्हीलपान्हा घेऊन लिव्हरवर घाव घालायच्या बेतात!

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या जुन्या गाड्यांत फोर बाय फोर टाकलं की पुढच्या आणि मागच्या चाकांकडं ताकद नेणारे शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ती ताकद वाटणाऱ्या पेटीत, एकमेकांना घट्ट बांधले जातात, फरक सोसायला मध्ये डिफरन्शिअल नसतं. चिखलात चाक घसरून तो फरक मोकळा होतो. डांबरावर तो जाणार कुठं? शाफ्टमध्ये पीळ भरत जातो आणि शेवटी क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, तुटतो नाहीतर गिअरचा दात. मी पान्हा काढून घेतला, स्टीअरिंग सरळ केलं आणि गाडी हळूहळू दहा-बारा फूट रिव्हर्स घेतली. 'टक्' असा आवाज आला आणि लिव्हर दोन बोटांनी सुटली. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढं दोन नवे आणि मागं दोन गुळगुळीत टायर घालून फोर बाय फोर टाकणाऱ्यांचाही असाच पीळ भरतो, तोही सरळ रस्त्यावर. आणि लो गिअर टाकायचा तर गाडी उभी करून, क्लच पूर्ण दाबून. पळत्या गाडीत कर्रर्र आवाज काढून मर्दानगी दिसत नाही.

जाता जाता, कासच्या पठारावर तर लिव्हरला हातच लावू नका. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथल्या जांभ्यावर माती असते बोटभर. तुमच्या टायरची चाकोरी पुढच्या मोसमालाही दिसते.

डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी चालू होत नाही म्हणून बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारू नका, डिझेलच्या नळीत हवा धरलीय. ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. पाच मिनिटांचं काम.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड. इंजिन मग थंडच चालतं, डिझेल जास्त पितं, आणि तापायचं खरं कारण तसंच राहतं. बहुतेकदा ते रेडिएटरच्या जाळीत वाळलेला चिखल असतं. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूनं बाहेर, समोरून मारलंत तर चिखल आणखी आत बसतो.

पन्नास-साठला स्टीअरिंग थडथडतं म्हणून स्टीअरिंग बॉक्स आवळत बसू नका. टायरोड एंड, किंगपिनचे बेअरिंग, पाट्यांचे बुश बघा. बॉक्स जास्त आवळला तर वळणावरून स्टीअरिंग परत येत नाही, आणि ते घाटात कळतं.

ओढ्यातून गाडी काढली की चाकांच्या मधल्या गोळ्यातलं, म्हणजे तिथल्या डिफरन्शिअलचं, ऑइल बघा. गरम हौसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, चिखलानं बुजलेला असला तर सीलमधून पाणी ओढलं जातं. मी खालचा नट जरासा ढिला करून दोन थेंब बोटावर घेतो. दुधाच्या चहासारखा रंग दिसला की सगळं ऑइल काढायचं, उद्यावर टाकायचं नाही.

ग्रीसिंगला मात्र माझा दिवस ठरलेला आहे, बैलांचा सण बेंदूर. आमच्या घरात आता बैल नाहीत. सकाळी जीप धुतो, क्रॉसच्या आणि पाट्यांच्या शॅकलच्या प्रत्येक ग्रीस-निप्पलला जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारतो, अर्थिंगची पट्टी सोडून घासतो, आणि मग आई बॉनेटवर हळद-कुंकू लावते. पोळी बॉनेटवर ठेवायचा तिचा हट्ट असतो. ती मी गाडी चालू करायच्या आधी खाऊन टाकतो.