भटक्या टोळ्यांचे हातविणीचे गालिचे कसे ओळखायचे, नक्षी कशी वाचायची

गालिचा समोर आला की आपण रंग बघून खूश होतो, पण आधी तो उलटा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही तेवढीच स्वच्छ दिसते आणि गाठी जरा लहानमोठ्या असतात. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो बहुतेक टफ्टेड, म्हणजे गनने लोकर खुपसलेला, त्यात गाठीच नसतात. मग टोकाच्या दशा बघा, त्या उभ्या धाग्यांचीच टोकं असायला हव्यात, वरून शिवलेल्या दिसल्या तर संशय घ्या (जुन्याला दुरुस्तीत नवीन लावतात ते वेगळं).

भटक्या टोळ्यांचा माग जमिनीवर आडवा, खुंट्या ठोकून ताणलेला, मुक्काम हलला की गुंडाळून घेऊन जायचं आणि पुढे परत ताणायचं, त्यामुळे गालिचा एका टोकाला थोडा रुंद निघतो. हा दोष धरू नका. तसंच एकाच लाल रंगात मधेच फिकट पट्टा येतो त्याला अब्राश म्हणतात, लोकर थोडी थोडी रंगवतात, प्रत्येक खेपेला रंग वेगळा उतरतो. मला तर अब्राश असलेलाच गालिचा जिवंत वाटतो.

आता नक्षी. मध्य आशियातल्या तुर्कमेन लोकांच्या गालिच्यावर लाल जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, अष्टकोनी 'गुल' ओळीने येतात, टेके, योमुत, एरसारी अशा प्रत्येक टोळीचा गुल वेगळा, आणि तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावरसुद्धा असे ५ गुल आहेत. बाजारात यांनाच 'बुखारा' म्हणतात कारण माल बुखारा शहराच्या (आताच्या उझबेकिस्तानातल्या) बाजारातून जायचा, विणणारे तिथले नव्हेत. इराणच्या फार्स प्रांतातली काश्काई टोळीची माणसं मधोमध मोठे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन काढतात आणि उरलेल्या जागेत बकऱ्या, पक्षी, फुलं, जे आठवेल ते भरतात, कागदावरचा नक्षीचा आराखडा सहसा नसतोच. फार्सच्या या विणकामाला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. इराण-अफगाणिस्तानकडच्या बलुच टोळ्यांचे गालिचे लहान आणि गडद, लाल-निळे-तपकिरी, नमाजाच्या गालिच्यावर वर मेहराब (मशिदीतल्या कमानीचा आकार) आणि पुष्कळदा उंटाच्या रंगाच्या जमिनीवर झाड.

उभा धागा लोकरीचा असेल तर टोळीचा असायची शक्यता जास्त, शहरी कारखान्यात तो बहुतेक सुती असतो, पण हल्ली टोळ्याही सुती वापरतात म्हणून एवढ्यावरून ठरवू नका. घ्यायच्या आधी पांढरं ओलं फडकं कोपऱ्यात लाल रंगावर घासा, फडक्याला रंग लागला तर धुताना तो पांढऱ्या भागात उतरणार, असा गालिचा कितीही आवडला तरी घेऊ नका.