अँटीव्हायरसचा बूटेबल पेनड्राइव्ह: बनवायचा कसा आणि तो अडतो कुठे

कॉम्प्युटरमध्ये शिरलेला रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवून ठेवणारा व्हायरस, विंडोजसोबतच, कधी अँटीव्हायरसच्याही आधी लोड होतो. अँटीव्हायरसने फाइल्सची यादी मागितली की तो स्वतःचं नाव वगळून यादी देतो, त्यामुळे कितीही वेळा स्कॅन केलं तरी रिपोर्ट स्वच्छच येतो. पेनड्राइव्हवरून वेगळी सिस्टीम सुरू केली की हार्ड डिस्कवरचं विंडोज चालूच होत नाही. व्हायरसची फाइल तेव्हा निव्वळ एक फाइल असते आणि ती लपू शकत नाही.

विंडोज अजून नीट सुरू होत असेल तर पेनड्राइव्हच्या आधी एक सोपा उपाय करून बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन आधीपासून असतं. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’वर जा आणि सगळ्यात खालचा ऑफलाइन स्कॅनचा पर्याय निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटांत तपासणी संपते. त्याने भागलं नाही किंवा विंडोज सुरूच होत नसेल, तर पेनड्राइव्ह लागतो.

इथे कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क घेतली आहे. ती मोफत आहे आणि जेंटू लिनक्स या विंडोजहून वेगळ्या सिस्टीमवर चालते. पुण्याच्या क्विक हील या अँटीव्हायरसमध्येही इमर्जन्सी डिस्क बनवायची सोय आहे. तुमच्याकडे क्विक हील असेल तर ती वापरा; खाली बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय) आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सेटिंग) यांबद्दल जे सांगितलं आहे ते तिथेही उपयोगी पडेल.

पेनड्राइव्ह बनवायचा तो दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर. ही अट मोडू नका. बाधित मशीनवर बनवलेला पेनड्राइव्ह बनता बनताच बाधित होऊ शकतो. ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा आधी बॅकअप घ्या. कॅस्परस्कीच्या स्वतःच्या साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, उतरवा, इतर डाउनलोड साइटवरून नको. व्हायरसच्या व्याख्या, म्हणजे ते ओळखण्याच्या खुणा, त्या आयएसओमध्येच येतात. वर्षभरापूर्वी बनवून कपाटात ठेवलेल्या पेनड्राइव्हला या महिन्यातला व्हायरस ओळखता येईलच असं नाही, म्हणून गरज पडेल तेव्हा ताजी फाइल घ्या.

आता रूफस उघडा; आयएसओ पेनड्राइव्हवर उतरवणारा हा छोटा प्रोग्राम आहे. तो इन्स्टॉल करावा लागत नाही. ‘डिव्हाइस’मध्ये आपलाच पेनड्राइव्ह निवडला आहे ना, हे त्याच्या साइझवरून पडताळा, बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ निवडा आणि ‘स्टार्ट’ करा. फाइल हायब्रिड असल्याचं सांगणारी खिडकी येईल. त्यात आयएसओ मोडपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं, पण इथे ‘डीडी इमेज मोड’ निवडा. डीडी मोड आयएसओची जशीच्या तशी नक्कल पेनड्राइव्हवर उतरवतो. आयएसओ मोडमध्ये रूफस फाइल्स सुट्या करून आपल्या पद्धतीने मांडतो, आणि मग डिस्क अर्ध्यात अडकण्याची शक्यता राहते.

काम झाल्यावर विंडोज ‘ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?’ असं विचारू शकतं. ‘कॅन्सल’ दाबा. पेनड्राइव्ह खराब झालेला नाही. विंडोजला त्यावरची रचना वाचता येत नाही, इतकंच.

बाधित मशीनवर जाण्याआधी दोन गोष्टी बघायच्या, कारण स्कॅन फसतं ते बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी. पहिली म्हणजे बिटलॉकर. अनेक नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर, होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. कुलूपबंद ड्राइव्ह रेस्क्यू डिस्कला वाचता येत नाही. विंडोज उघडत असेल तर सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठ्या ड्राइव्हला तास-दोन तासही लागू शकतात. नुसतं ‘सस्पेंड’ केल्याने ड्राइव्हवरचा डेटा उघडा होत नाही. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. बायोसमध्ये हात घालण्याआधी ती कागदावर उतरवून ठेवा, कारण सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद केल्यावर विंडोज तीच मागू शकतं.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. नेहमीच्या ‘शट डाउन’ने विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं. अशा ड्राइव्हवर लिनक्स सहसा लिहीत नाही, म्हणजे व्हायरस सापडतो पण काढता येत नाही. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, म्हणजे मशीन खरोखर बंद होईल.

पेनड्राइव्ह लावा, मशीन चालू करा आणि लगेच बूट मेनूचं, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीचं, बटण टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण बऱ्याच मॉडेल्सवर आधी एफ२ दाबून बायोसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो. यादीत पेनड्राइव्ह दिसूनही सुरू होत नसेल तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा.

सुरुवातीलाच कुठलंही बटण दाबा असा संदेश येतो. काही सेकंदांत बटण दाबलं नाही तर मशीन हार्ड डिस्कवरून सुरू होतं, आणि पेनड्राइव्ह बिघडला असं उगाच वाटतं. भाषा निवडून ‘ग्राफिक मोड’ घ्या. स्क्रीन काळी पडली तर ‘लिमिटेड ग्राफिक मोड’.

स्कॅन सुरू करण्याआधी ‘चेंज पॅरामीटर्स’मध्ये जाऊन सगळ्या ड्राइव्हवर टिक करा. यादीत आतली डिस्कच नसेल तर बायोसमध्ये रेड (RAID) किंवा इंटेल व्हीएमडी (VMD) ही डिस्क हाताळण्याची सेटिंग्ज चालू आहेत का बघा. ते बंद करून स्कॅन करता येतं, पण विंडोज सुरू करण्याआधी सेटिंग पूर्ववत केलंच पाहिजे. तसंच सोडलं तर निळी स्क्रीन येईल.

स्कॅन एसएसडीवर तासाभरात उरकू शकतं, तर जुन्या हार्ड डिस्कवर रात्रभरही चालू शकतं. लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा. शेवटी यादी आली की सगळं एकदम ‘डिलीट’ करण्याचा मोह टाळा. फाइल ‘विंडोज’ फोल्डरच्या आतली असेल तर आधी दुरुस्ती, ती जमत नसेल तर क्वारंटाइन, म्हणजे फाइल न पुसता वेगळी काढून ठेवणं. एक्सप्लोरर किंवा युजरइनिटसारखी फाइल उडवली की व्हायरस जातो, पण डेस्कटॉपही येत नाही. क्वारंटाइनमध्ये ठेवलेलं ड्राइव्हवरच्या, नाव केआरडीने (KRD) सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये राहतं. मशीन आठवडाभर नीट चालेपर्यंत तो फोल्डर पुसू नका.

रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइल्सना कुलूप घालणाऱ्या व्हायरसने, लॉक केलेल्या फाइल्स या स्कॅनने उघडत नाहीत. फक्त तो प्रोग्राम निघतो. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या शॉर्टकट व्हायरसचं वेगळं आहे. त्यात फाइल्स शाबूत असतात, नुसत्या लपवलेल्या. एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या आणि सिस्टीम फाइल्स दाखवणारे पर्याय चालू केले की त्या दिसतात.

सगळं झाल्यावर सिक्युअर बूट आणि एन्क्रिप्शन परत चालू करा, आणि बँक, ईमेल, यूपीआयशी जोडलेल्या खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पेनड्राइव्ह रोजच्या कामाला हवा असेल तर रूफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून फॉरमॅट करा, म्हणजे त्याची पूर्ण जागा परत मिळेल.